रेकॉर्डर द्वारा

देवानं माणसाला दोन डोळे दिले. तिसरा माणसानं बाजारातून आणला आणि भिंतीला ठोकला. या घरानं तर एकदम चार ठोकले होते: दोन वाळवणाच्या फळ्यांवर, एक फाटकावर आणि एक भट्टीसमोर. कारण साधं होतं. ओली भांडी अंगणात वाळत घातली की गल्लीतली कुत्री त्यांच्या रांगांमधून पळापळीचा खेळ मांडायची, आणि मग घरचे एकमेकांना विचारत बसायचे की फाटक उघडं टाकलं कोणी. मुलानं कॅमेरे लावले तेव्हा आठवड्याभरातच कळलं की फाटक उघडं टाकणारे त्याचे वडीलच होते. त्या दिवसापासून वडिलांचं आणि कॅमेऱ्यांचं पटत नव्हतं.

वडील म्हणजे मातीच्या भांड्यांचे कारागीर. चाळीस वर्षं चाकावर बसलेले. आजूबाजूला सगळे त्यांना उस्ताद म्हणत. बायकोही म्हणायची, पण तिच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ वेगळा असायचा.

घर असं होतं: खाली कारखाना, मागे अंगण आणि भट्टी, वर राहत्या खोल्या, मध्ये जिना. आणि तो जिनाच उस्तादांना बंद झाला होता. फळीवरचा साचा काढायला ते स्टुलावर चढले, स्टूल एका दिशेला गेलं, उस्ताद दुसऱ्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि बजावलं, "सहा आठवडे जिना उतरायचा नाही. खोलीतल्या खोलीत चाला, तेही कुणाला धरून."

नेमकी याच सहा आठवड्यांत सुनेची भट्टी होती.

सून या घरात आली तेव्हा तिला माती नुसती मळता येत होती. आठ वर्षांत ती चाकावर बसली, भट्टी रचायला शिकली, आणि गेल्या वर्षी तिनं स्वतःची झिलई तयार केली. हिरव्यातून निळ्याकडे झुकणारा रंग होता तो, सावलीतल्या पाण्यासारखा. एका नव्या उपाहारगृहाच्या मालकीणबाईंना तो इतका आवडला की त्यांनी दीडशे ताटल्या आणि वाडगे सांगून टाकले. तीन महिन्यांची मेहनत एकाच भट्टीत जायची होती. आणि ही झिलई मोठी मानी. आग कमी पडली तर राखेसारखी फिकट राहायची, जास्त झाली तर वितळून ओघळायची आणि ताटली फळीला कायमची चिकटून बसायची. मधली वेळ पकडायची असते, आणि ती वेळ या घरात आजवर एकाच माणसानं सांगितली होती.

ती सांगण्याची उस्तादांची भाषा ठरलेली होती. आग आधी रांगते, मग चालते, मग जाणती होते. जाणती झाली की सरपण थांबवायचं आणि तोंडं लिंपून टाकायची. उष्णता आकड्यांत दाखवणारं यंत्र घरात होतं, पण ते केव्हाच बंद पडलं होतं आणि त्याला कुणी रडलं नव्हतं. उस्ताद भट्टीच्या भोकाला डोळा लावायचे, क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "झाली." का झाली, कशी झाली, हे विचारलं की म्हणायचे, "दिसतं."

"मी बघितल्याशिवाय भट्टी बंद करायची नाही," उस्तादांनी पलंगावरून फर्मान काढलं. "आणि बंद करता येत नसेल तर पेटवायचीच नाही."

"बाबा, एकवीस तारखेला माल द्यायचाय," सून म्हणाली. "तुम्ही खाली येईपर्यंत चार तारीख उजाडेल."

"आगीला तारीख कळत नाही."

"गिऱ्हाइकाला कळते," सासूबाई उशीचा अभ्रा बदलता बदलता म्हणाल्या. "आणि आता डोकं उचला. अभ्रा ओढायचाय."

पहिली, बिनझिलईची भाजणी उस्तादांनी करू दिली, कारण ती आग समजूतदार असते, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालवून घेते. त्या वेळी सुनेनं भोकासमोर फोन धरून त्यांना चित्र दाखवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या मिनिटाला फोननं आपण फार तापलो आहोत असं लेखी कळवलं आणि डोळे मिटले. मग तिनं खाली कारखान्यात ठेवलेल्या, चारही कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरवरून भट्टीसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर घेतलं आणि तो पलंगाशी ठेवला. अंगण दिसलं, सरपण दिसलं, सून दिसली. आगीच्या जागी पांढराशुभ्र गोळा.

"हे काय, चंद्र लावलाय का भट्टीत?" उस्ताद म्हणाले. "जोवर मला आग दिसत नाही तोवर झिलईची भट्टी नाही."

मुलगा तेव्हा गाडीत माल भरून दूरच्या प्रदर्शनांना गेला होता, तीन आठवड्यांसाठी. बायकोनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी करता येतो. पण ती सोय कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर आहे, रेकॉर्डरवर नाही. आणि ते पान घरातून उघडत नाही, कारण कॅमेरे रेकॉर्डरच्या मागे आहेत." एवढं बोलला आणि बोगद्यात शिरला.

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी शेवटचं वाक्य नीट ऐकलं. सून हिशेब लावत बसली तोवर त्या खाली गेल्या, कारखान्यातलं कपाट दोन्ही हातांनी भिंतीपासून ओढलं, रेकॉर्डर उचलून मागे बघितलं आणि वर येऊन सांगितलं, "मागे कॅमेरा-बिमेरा काही नाही गं. एक जुनी चप्पल होती, ती काढली. वायरी आहेत, एकही सुटू दिली नाही."

"आई, मागे म्हणजे तसं मागे नाही."

"मग कसं मागे?"

हे मात्र सुनेलाही सांगता येईना. तेव्हा सासूबाईंनी आपल्या धाकट्या भावाला बोलावलं. सून त्यांना मामा म्हणायची. मामा बत्तीस वर्षं टपाल खात्यात होते, पत्रांची वर्गवारी करायला. निवृत्तीनंतर त्यांनी दोन छंद लावून घेतले होते. एक, जिथे कीर्तन-प्रवचन असेल तिथे पहिल्या रांगेत जाऊन बसायचं. दुसरा, नातेवाइकांच्या घरची बिघडलेली यंत्रं उघडायची. पहिल्या छंदानं त्यांचं भलं झालं होतं. दुसऱ्याबद्दल नातेवाइकांचं मत वेगवेगळं होतं.

मामा आले, चहा घेतला, मेहुण्यांच्या पायाची चौकशी केली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"दाजी, हे सगळं पत्त्यांचं काम आहे," थोड्या वेळानं ते म्हणाले. "म्हणजे माझंच काम. हे बघा. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. तुमचा फोन, हा लॅपटॉप, तो रेकॉर्डर, सगळे एकाच गावचे. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि पुढे ज्याचा त्याचा घर क्रमांक. रेकॉर्डर पन्नास नंबरच्या घरात राहतो. गाव कोणी वसवलं? त्या कोपऱ्यातल्या राउटरनं."

"मग कॅमेरे?"

"कॅमेऱ्यांच्या वायरी थेट रेकॉर्डरच्या पाठीत खोचल्यात. त्यांना पत्ते राउटरनं दिलेच नाहीत, रेकॉर्डरनं दिलेत. त्यानं आपलं वेगळंच गाव वसवलंय. दहा, एक, एक. भट्टीचा कॅमेरा त्या गावात चार नंबरला. आपण इथून हाक मारली की राउटर म्हणतो, हे गाव माझ्या यादीत नाही. आणि पाकीट बाहेरच्या जगात ढकलून देतो. जगात ते कोण घेणार?"

"म्हणजे माझ्याच अंगणातला कॅमेरा, माझ्याच घरात, आणि त्याचा पत्ता माझ्याच घराला नाही," उस्ताद म्हणाले.

"संसारात असं होतं, दाजी. आत्मा तरी कुठे लांब असतो? पण पाकीट बाहेरच फिरत राहतं."

"प्रवचन नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी पाकीट."

मामांनी राउटरचं पान उघडलं. त्यात नवी वाट नोंदवायची जागा होती. तीन रकाने: कोणत्या गावाला जायचं, गाव केवढं, आणि पाकीट कुणाच्या हाती द्यायचं. पहिले दोन त्यांनी झरझर भरले. तिसऱ्यात भट्टीच्या कॅमेऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिला, चार नंबरसकट, एकही ठिपका न चुकवता. मग शेजारच्या खोलीत गेलेल्या बहिणीला ऐकू जाईल इतक्या अभिमानानं म्हणाले, "लावली बरं का राउटरला वाट."

"राउटरची वाट लावली?" उस्ताद उशीवरून उठायला गेले. "मेहुणे, तो मुलानं हप्ताभर खपून बसवलाय."

"वाट लावून दिली, दाजी. वाटेला लावलं. तुम्ही शेवट ऐकत नाही वाक्याचा."

पण कॅमेऱ्याचं पान उघडलं नाही. मामांनी पत्ता पुन्हा लिहिला. पुन्हा नाही. चौथ्या वेळी तर इतक्या सावकाश लिहिला की सासूबाईंना वाटलं आता हे कॅमेऱ्याला क्षेमकुशलही विचारतील. दुपार टळली. मामा चष्मा पुसत म्हणाले, "पत्ता शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या हातून आजवर चुकीच्या थैलीत एक पाकीट गेलेलं नाही."

सून दारात उभी होती, हातांना झिलई लागलेली. तिनं पडद्यावरचे तीन रकाने वाचले.

"मामा, तिसऱ्यात कुणाच्या हाती द्यायचं असं विचारलंय."

"हो. कॅमेऱ्याच्या. त्याच्याकडेच जायचंय ना."

"त्याच्याकडे जायचंय, पण द्यायचं त्याच्या हाती नाही. मी वसतिगृहात होते तेव्हा आईची पत्रं थेट माझ्या हातात कधीच आली नाहीत. पाकिटावर माझं नाव, आणि खाली लिहिलेलं असायचं, द्वारा रेक्टर."

मामांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"द्वारा," ते म्हणाले.

मग त्यांनी चष्मा परत लावला आणि अगदी मोकळेपणानं कबुली दिली. वर्गवारी करणारा पाकीट खालून वाचतो. आधी देश, मग गाव, मग पेठ, बस. वरची नावाची आणि 'द्वारा'ची ओळ हे पत्र वाटणाऱ्याचं काम. "बत्तीस वर्षांत ती ओळ मी कधी वाचलीच नाही, पोरी. वाचायला वेळच नव्हता. आणि बघ, सगळी मेख त्याच ओळीत. मोठ्या दारात थेट कुणी जात नाही, दारातल्या माणसाच्या ओळखीनं जातो."

तिसऱ्या रकान्यात त्यांनी कॅमेऱ्याचा पत्ता खोडला आणि रेकॉर्डरचा घातला, आपल्या गावचा, पन्नास नंबरचा.

तरीही पान उघडेना.

"आता काय अडलं?" उस्ताद म्हणाले. त्यांना आता या भानगडीत रस वाटू लागला होता, पण ते तसं दाखवणार नव्हते.

"रेक्टर बाईंनी आत सोडायला हवं," सून म्हणाली. "नुसतं त्यांच्याकडे पत्र दिलं म्हणून काय झालं? आमच्या बाई तर फोडून वाचायच्या."

रेकॉर्डरच्या पानावर शोधाशोध झाली. सातव्या यादीच्या तळाशी एक चौकोन सापडला: आतल्या कॅमेऱ्यांपर्यंत बाहेरच्यांना जाऊ द्यावे. तो रिकामा होता. मामांनी त्यात खूण केली, देवाचं नाव घेतलं, आणि चार नंबरच्या घराची कडी वाजवली. पान उघडलं. कॅमेऱ्याचं स्वतःचं पान, त्यावर उजेडाची पट्टी. मामांनी ती डावीकडे सरकवली, तसं अंगण संध्याकाळ झाल्यासारखं मावळत गेलं.

"पेटवा भट्टी," उस्ताद म्हणाले.

भट्टी गुरुवारी उजाडता उजाडता पेटली. सून आणि सासूबाई खाली, मामा आणि उस्ताद वर. सासूबाई सरपण द्यायच्या, सून ते आत सारायची. फोन भट्टीपासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर स्पीकर लावून ठेवलेला.

सकाळभर सगळं गोडीत चाललं. मामांनी पट्टी खाली ओढलेली असल्यानं पडद्यावर बाकी काळोख आणि मध्ये भट्टीचं भोक तेवढं एका नाण्यासारखं लखलखत होतं. आधी गडद तांबडं.

"रांगतेय," वरून उस्ताद म्हणायचे.

"रांगतेय," खालून सून म्हणायची.

अकराच्या सुमाराला दोघं एकाच वेळी म्हणाली, "चालायला लागली." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "दोघांचं पटलं बाई एकदाचं. आठ वर्षांत पहिल्यांदा."

तीन वाजता पडद्यावरचं नाणं पिवळं झालं. लिंबासारखं, कडेला पांढरट. उस्ताद पुढे झुकले.

"झाली. जाणती झाली. बंद कर."

खाली सून भोकाशी वाकली. मग सून म्हणाली, "नाही, बाबा. अजून नाही."

"अगं, मला दिसतेय ना."

"काय दिसतेय तुम्हाला?"

"पिवळी. स्वच्छ पिवळी."

"मला नारिंगी दिसतेय. आणि आतल्या ताटल्यांच्या कडा अजून तिच्यातून वेगळ्या दिसत नाहीत. चालतेय अजून. भराभर चालतेय, पण चालतेय."

उस्तादांनी लॅपटॉप जवळ ओढला. जास्त झालं तर ओघळणार, कमी पडलं तर राख. तीन महिने आत होते, आणि ते ज्याच्या भरवशावर बोलत होते तो डोळा काचेचा होता.

"मेहुणे," ते हळूच म्हणाले, "हा कॅमेरा रंग आहे तसा दाखवतो ना?"

मामांनी कॅमेऱ्याचं पान वाचलं. मग घसा खाकरला. "इथे एक ओळ आहे, दाजी. रंग आपोआप जुळवा. खूण केलेली आहे."

"जुळवा म्हणजे?"

"म्हणजे समोर काही लालभडक आलं की हा स्वतःच्या मनानं ते थोडं सौम्य करून दाखवत असणार. बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून."

"खुशामतखोर," उस्ताद म्हणाले.

मामांनी ती खूण काढली. नाणं एकदम जांभळट झालं. दुसरी एक खूण केली, ते हिरवट झालं. यातला खरा रंग कोणता, हे सांगायला कॅमेऱ्याच्या पानावर कुणी नव्हतं. खाली फोनवर लाकडाची कडकड ऐकू येत होती. उस्तादांनी क्षणभर डोळे मिटले.

"उजेड वाढवा."

"दाजी, मग आग दिसणार नाही. तो चंद्र येईल परत."

"आग तिला दिसतेय. मला ती दिसू दे."

मामांनी पट्टी उजवीकडे सारली. काळोखातून अंगण वर आलं, सरपणाची उरलेली रास आली, कमरेला पदर खोचलेल्या सासूबाई आल्या आणि पांढऱ्या गोळ्यासमोर सून आली. तोंडावर राख, केस फडक्यात बांधलेले. तिनं एक डोळा बारीक करून भोकात बघितलं. मग हाताचा तळवा विटांजवळ नेऊन क्षणभर थांबली. तो तळवा उस्तादांनी ओळखला. तो त्यांनी तिला शिकवला नव्हता, ते स्वतः तसं करतात हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. आणि मग ती भट्टीला वळसा घालून मागच्या भोकाशी गेली, तिथे बघितलं, परत पुढे आली, पुन्हा बघितलं. हे मात्र उस्तादांनी चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं. ते पुढूनच बघायचे. मागची रांग नेहमी थोडी कच्ची निघायची आणि ते दोष मातीला द्यायचे.

"बाबा?" खालून आवाज आला. "बोला ना काही."

"सरपण किती आहे?"

"दोन फेऱ्यांचं."

"मग उभी काय राहिलीस? घाल."

पुढचा पाऊण तास वरून एकही शब्द गेला नाही. हे मामांच्या आयुष्यातलं मोठं आश्चर्य होतं, आणि ते त्यांनी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. उस्ताद बघत होते. ती वाकत होती, सरळ होत होती, पुढून मागे, मागून पुढे. एकदा सासूबाईंनी तिला पाणी दिलं, ते तिनं भोकावरची नजर न काढता प्यायलं.

मग ती थांबली. मागे जाऊन आली. परत थांबली.

"बाबा, जाणती झाली."

"मागून?"

"दोन्हीकडून. ताटल्यांच्या कडा मोजता येतायत."

"मग मला काय विचारतेस?"

"विचारत नाहीये," सून म्हणाली. "सांगतेय." आणि तिनं सासूबाईंच्या हातातला चिखलाचा गोळा घेतला आणि भट्टीचं तोंड लिंपायला घेतलं.

भट्टी दोन दिवस निवत ठेवावी लागते. ते दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मुलाचा फोन आला की सासूबाई म्हणायच्या, "निवतेय," आणि ठेवून द्यायच्या. उस्ताद जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सून विटा काढू लागली तेव्हा मामांनी न सांगता लॅपटॉप आणून ठेवला. पडद्यावर तिची पाठ होती. तिनं पहिली ताटली काढली, उन्हात धरली. दुसरी काढली. पाठ काहीच सांगत नव्हती.

"रंग कसा आलाय?" उस्ताद म्हणाले.

"हा सांगेल त्यावर विश्वास ठेवणार आहात का?" मामा म्हणाले. उस्तादांनी लॅपटॉप मिटला.

जिन्यावर पावलं वाजली. सून एक वाडगा घेऊन आली, अजून कोमट. सावलीतल्या पाण्याचा रंग होता, तळाशी थोडा गडद. उस्तादांनी तो दोन्ही हातांत घेतला, फिरवला, काठावरून अंगठा नेला, नखानं टिचकी मारली. वाडगा खणखणीत वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला.

"काठ जरा पातळ आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"किती गेल्या?"

"तीन चिकटल्या. अगदी खालच्या फळीवरच्या. बाकी सगळ्या चांगल्या आल्या, मागची रांगसुद्धा."

"तीनच?" उस्तादांनी वाडगा पुन्हा फिरवला, उगाच. "माझ्या पहिल्या भट्टीत..."

"तुमच्या पहिल्या भट्टीत अकरा वाचल्या होत्या," सासूबाई दारातून म्हणाल्या. "बाकीच्या मी अंगणात पुरल्या. कुणाला दिसू नयेत म्हणून तुम्हीच सांगितलंत. तेव्हा कॅमेरे नव्हते हे नशीब."

मामा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. उस्ताद हसले नाहीत, पण वाडगा त्यांनी परतही दिला नाही. तो उशाशी ठेवला, औषधाच्या बाटल्या बाजूला सारून.

"पुढच्या भट्टीला मी खाली असेन," ते म्हणाले.

"या ना," सून म्हणाली. "सरपण द्यायला माणूस लागतोच."

उस्तादांनी उशाशी ठेवलेला वाडगा जरा आत सरकवला.

"सरपण ओलं असेल तर नाही यायचा," ते म्हणाले.